हाक आणि हद्द

दि. २१ मार्च २०२४. रमजानचा दहावा रोजा होता. सेहरी आटोपून, फज्रची नमाज अदा करून हिंगोलीतले आम्ही बरेच जण पुन्हा अंथरुणावर कलंडलो होतो. सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. मांडणीवरची ताटे खणखणली, पंखा झुलला. अकरा मिनिटांनी पुन्हा एक धक्का. पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा, आणि केंद्र आमच्याच जिल्ह्यात. वसमत, कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतल्या काही गावांत जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, हे आम्ही काही वर्षांपासून ऐकत होतोच. त्याच वर्षी १० जुलैला तितकाच मोठा धक्का पुन्हा बसला.

सगळे अंगणात आले. आमच्या गल्लीत कुणी चष्मा विसरला, कुणी चप्पल विसरली. मोबाइल मात्र कुणी विसरले नाही. दुसरा धक्का बसला तेव्हा अर्धी गल्ली मान खाली घालून पहिल्या धक्क्याचे संदेश वाचत होती. त्या संदेशांच्या मध्येमध्ये ईदच्या कपड्यांच्या सवलती येत होत्या, बुटांची चित्रे येत होती, कुणी तरी सोपे कर्ज देऊ करत होते. भूकंपाची खबर आणि बाजाराची खबर एकाच पडद्यावर, एकाच आवाजात. आम्हीही तेच करत होतो, म्हणून कुणाला नावे ठेवण्याचा हक्क आम्हाला नाही.

पण त्या सकाळपासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. माणसाच्या कानावर हक्क कुणाचा? हाक मारणारे पूर्वीही होतेच. मग आताच जीव इतका का विटावा? आम्ही पडलो उर्दू माध्यमाचे शिक्षक. प्रश्न पडला की आधी शब्दाचे मूळ शोधायचे, ही आमची खोड.

मराठीत आपण 'जाहिरात' म्हणतो. हा शब्द अरबी 'जाहिर'वरून आला. जाहिर म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारे. आमच्या उर्दूत त्याच वस्तूला 'इश्तिहार' म्हणतात. तो शब्दही अरबीच, 'शोहरत' आणि 'मशहूर' यांच्या घराण्यातला. उर्दूला त्यात प्रसिद्धी दिसली, मराठीला उघड करणे दिसले. आम्हाला मराठीची निवड अधिक नेमकी वाटते, कारण 'जाहिर' म्हटले की त्याची जोडी आपोआप आठवते : 'बातिन'. जे आत आहे, झाकलेले आहे ते. कुरआनच्या सूरह हदीदमध्ये अल्लाहची ही दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात. आपल्या भाषेने बाजाराला जाहिरात हा शब्द दिला. बातिनसाठी मात्र रोजच्या बोलण्यात शब्दच उरला नाही. आणि 'अजान'? तिचे मूळ तर थेट कानातच आहे. अरबीत कानाला 'उज़्न' म्हणतात, दोन्ही शब्द एकाच धातूचे.

या अजानचा इतिहास आपण मुलांना दीनियातच्या तासाला सांगतो, पण घाईघाईने. मदिनेत नमाजासाठी लोकांना बोलवायचे कसे, यावर विचारविनिमय झाला होता. कुणी घंटेचे नाव घेतले, कुणी शिंगाचे. शेवटी माणसाचा आवाज ठरला, आणि तो हजरत बिलाल (रजि.) यांचा. जे कालपर्यंत गुलाम होते त्यांचा आवाज. ही हाक दोन-तीन मिनिटांत संपते. पुढे यायचे की नाही, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले असते.

त्याच मदिनेत बाजाराच्या हाकेचाही एक प्रसंग घडला. सूरह जुमाच्या शेवटच्या आयतीला त्याचीच पार्श्वभूमी आहे. जुम्याचा खुतबा चालू असताना शामकडून धान्याचा व्यापारी काफिला आला. त्याच्या आगमनाची वर्दी ढोल वाजवून दिली गेली, असे काही तफसीरकार सांगतात. खुतबा सोडून लोक तिकडे धावले. हदीसप्रमाणे मशिदीत बारा जण उरले. बाजाराने माणसाचे लक्ष पळवल्याची आपल्या इतिहासातली ही पहिली ठळक नोंद म्हणावी लागेल. हा प्रसंग सांगताना आपले वाइज लोक धावणाऱ्यांवर फार तोंडसुख घेतात. तफसीरकार हेही सांगतात, की त्या वेळी मदिनेत टंचाई होती. पोटात भूक असलेला माणूस धान्याच्या ढोलाकडे धावला, तर तो चंचलच होता असे म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. त्या सूरहमधली व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. अजान झाली की व्यवहार सोडा, नमाज झाली की पुन्हा पांगा आणि रोजी शोधा. बाजाराला बंदी नाही. बाजाराला वेळेची हद्द आहे, आणि हाक ऐकून झाल्यावर माणूस मोकळा आहे.

आता मदिनेहून आपल्या मराठवाड्यात येऊ. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हा गावातली हाक म्हणजे दवंडी. दरबारी उर्दूत तिलाच मुनादी म्हणत. हलगीवर थाप पडे, लोक दारात येत, सारावसुलीची तारीख किंवा बाजाराचा बदललेला दिवस कानावर पडे आणि दवंडी देणारा पुढच्या आळीत जाई. तो गेला की गाव पुन्हा आपापल्या कामाला लागे. हुकूम जुलमी असू शकत होता. त्याची हाक मात्र आळीच्या टोकाला संपत असे.

त्याच राज्याच्या राजधानीत १९२० साली हकीम मुहम्मद मुईजुद्दीन फारुकी यांनी 'जिंदा तिलिस्मात' काढले. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरात ही तपकिरी औषधाची लहानशी बाटली नसेल असे घर विरळाच. सर्दी झाली, पोट दुखले, दाढ ठणकली की तीच. निलगिरीचे तेल, कापूर, मेंथॉल, थायमॉल असा मामला. पण आम्हाला इथे औषधापेक्षा त्याच्या नावाचे कौतुक आहे. जिंदा तिलिस्मात, म्हणजे जिवंत जादू! जाहिरात आणखी वेगळी कशाला करायची? वेष्टनावर निजामाच्या फौजेतल्या सिद्दी सैनिकाचे चित्र घातले, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही बाटली ओळखता यावी. आपल्याकडच्या जाहिरातीचा इतिहास मुंबईच्या इंग्रजी कंपन्यांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. हैदराबादच्या एका युनानी हकिमाचे नाव त्यात फारसे कुणी घेत नाही. असो. हे चित्र भिंतीवर रंगवलेले असे, पण भिंत माणसाच्या मागे धावत घरात येत नसे.

रेडिओ आला आणि हाक घरात शिरली. हैदराबादच्या दख्खन रेडिओवरून १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी शरणागती जाहीर केली. एका राजवटीचा अंत लोकांना कानाने कळला. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुदरले, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढेच, की आमच्या आजोबांच्या पिढीत रेडिओ लागला की माणसे आधी गप्प होत आणि मग ऐकत. पुढे काय येईल याची धास्ती असलेले ते गप्प होणे होते.

त्या गप्प बसलेल्या घरांना पुन्हा गाते केले ते सिलोनने. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आपल्याच पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते या मताचे होते, म्हणून आकाशवाणीवरची ती गाणी आटली. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे जाहिरातींना मुभा होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दंतमंजनाच्या पैशावर चालणारी, दर बुधवारी रात्री आठ वाजता. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. मानधन आठवड्याला पंचवीस रुपये, आणि पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते सांगत.

सयानींची ती सोपी, सगळ्यांना कळणारी जबान आली कुठून? घरातून. त्यांच्या आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम करत. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' नावाचे पाक्षिक काढत. मजकूर साध्या हिंदुस्थानीतला आणि लिपी तीन : देवनागरी, उर्दू, गुजराती. मुलगा लहानपणापासून त्या कामात हातभार लावत होता. अक्षर गिरवणाऱ्या बाईमाणसाला समजेल असे बोलायचे, हा धडा त्याने आईकडे घेतला आणि पुढे त्याच बोलीत दंतमंजन विकले. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट ऐकून हसावे की उसासा टाकावा ते कळत नाही. साक्षरतेसाठी घासूनपुसून लख्ख केलेली भाषा जाहिरातीच्या कामी आली. ती फसवी मात्र नव्हती. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले, तेव्हा आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी एखादा नातलग गेल्यासारखी हळहळली. दंतमंजनाचे काय झाले, ते कुणी विचारले नाही.

सरकारलाही शेवटी शहाणपण सुचले. १९५७ मध्ये विविध भारती निघाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. १९७६ मध्ये दूरदर्शनवर आल्या. तरीही बुधवारची गीतमाला बुधवारीच लागे. रेडिओला परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे, आळीत दोन-चार संच असत. गाणे ऐकत भाकरी थापता येई, विड्या वळता येत, शिवणयंत्र चालवता येई. हात कामात आणि कान गाण्यात. वेळ झाली की खट्कन बटण बंद. मग घरात जी शांतता पसरे तिचे वेगळे असे कुणाला काही वाटत नसे.

हद्द मोडली ती मोबाइलने. २०१६ साली जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि बाजाराचा ढोल खिशात येऊन बसला. काफिला मदिनेत आला आणि गेला. दवंडीवाला आळीतून गेला. हा ढोल कुठेच जात नाही. त्याचा धंदाच मुळी आपण तिथे किती वेळ थांबतो यावर चालतो. वर्तमानपत्र निदान शेवटच्या पानावर संपते. याला शेवटचे पानच ठेवलेले नाही.

याच्या जोडीला आले मल्टिटास्किंग. हा शब्द संगणकाचा आहे, १९६० च्या दशकातला. गंमत अशी की त्या काळच्या संगणकाचे एकुलते एक प्रक्रिया-यंत्र एका क्षणी एकच काम करी. फक्त या कामावरून त्या कामावर इतक्या झपाट्याने उडी मारी, की पाहणाऱ्याला दोन्ही कामे एकदम चालल्यासारखी वाटत. हीच उडी आज माणसाकडून अपेक्षित आहे. आमचेच पाहा. फळ्यावर उर्दूत धडा, खिशात मराठीत आलेला आदेश, डोक्यात दखनी. तास चालू असताना पोषण आहाराचा आकडा मागितला जातो, मुलांचा फोटो काढून तातडीने पाठवा असे कळवले जाते, मतदार यादीचे काम वेगळेच. प्रत्येक उडीत धड्याचा धागा थोडा निसटतो. तो पुन्हा हाती येईपर्यंत मागच्या बाकावर दुसरीच शाळा भरलेली असते.

मागे एकदा पाचवीच्या वर्गात आम्ही इमला घेत होतो. उर्दूत शुद्धलेखनाला इमला म्हणतात. गुरुजींनी बोलायचे आणि मुलांनी ऐकून लिहायचे. हिज्ज्यांइतकीच ती कानाची परीक्षा असते. खिडकीखालून भोंगा लावलेला ऑटो गेला, कसला तरी सेल होता. वह्या तपासताना पाहिले तर तीन मुलांच्या वहीत वाक्याच्या मधोमध 'ऑफर' हा शब्द आला होता. उर्दू लिपीत. हिज्जे अगदी बरोबर! गुण कापावेत की द्यावेत, यावर शिक्षकांच्या खोलीत बराच खल झाला. वास्तविक ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला गेला होता. पण ऑटोवाल्याला नियम दाखवायला आम्ही खाली जाईपर्यंत तो पुढच्या चौकात असतो.

आणि बोलायचेच तर आपल्या भोंग्यांबद्दलही बोलावे लागेल. २०२२ साली राज्यात मशिदींच्या भोंग्यांवरून राजकारण पेटले तेव्हा आपण दुखावलो. त्या आंदोलनाला शांततेची चाड किती होती, हे मिरवणुकांच्या डीजेसमोर उभे राहिले की कळते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा अधोरेखित केली, ती सर्वांसाठी. आपले जलसे ती पाळतात का? अजान दोन-तीन मिनिटांची. पण चार मशिदींचे चार कर्णे एकमेकांवर चढू लागले, की बिलालचा वारसा त्यात ऐकू येत नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित (स.) एतिकाफला बसले असताना मशिदीत लोक मोठमोठ्याने कुरआन पढत होते. तेव्हा पडदा सारून त्यांनी सांगितले, की एकमेकांना त्रास देऊ नका, एकाच्या पढण्यावर दुसऱ्याने आवाज चढवू नका. जिथे कुरआनच्या आवाजालाही हद्द घातली गेली, तिथे आपल्या जलशातल्या माइकची काय कथा!

पण शांतता म्हणजे काम सोडून डोंगरावर जाणे का? शेतमजुराला, विडी वळणाऱ्या बाईला, दोन शिफ्ट करणाऱ्या तरुणाला ती परवडणार नाही. या बाबतीत आपल्या मराठवाड्याकडे स्वतःचे असे काही आहे, आणि ते दोन वेगळ्या वाटांनी आले आहे.

एक वाट बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून आली. बाराव्या शतकातले ख्वाजा अब्दुल खालिक गिज्दुवानी यांनी सांगितलेल्या तत्त्वांत एक आहे 'खलवत दर अंजुमन', म्हणजे मेळ्यातला एकांत. पुढे ख्वाजा बहाउद्दीन नक्शबंद यांना विचारले गेले, की तुमच्या मार्गाचा पाया कोणता. त्यांनी हेच सांगितले. जाहिर लोकांबरोबर असावे, बातिन हकबरोबर. त्याच गिज्दुवानचे बाबा शाह मुसाफिर औरंगजेबाच्या काळात औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, येऊन राहिले. त्यांची खानकाह म्हणजे आपली पाणचक्की. सहलीला जाऊन आपण पाण्याचा पडदा पाहतो, फोटो काढतो. तिथे धान्य दळले जाई आणि खानकाहच्या लोकांची चूल चाले, हे विसरतो. जात्याची घरघर आणि पाण्याचा धबधबा यांच्या शेजारी बसून या मंडळींचा जिक्र चाले. आवाज नसलेली जागा शोधत ते बसले नाहीत.

दुसरी वाट आमच्या अंगणातलीच. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांपैकी एका पदात मुलगा मित्रांशी गप्पा मारत पतंग उडवतो, पण चित्त दोरीवर असते. बाया डोईवर घागरी घेऊन हसत बोलत येतात, पण चित्त घागरीवर. गाय रानात चरते, चित्त वासरावर. सातशे वर्षांपूर्वी नरसीच्या शिंप्याने जे पाहिले, तेच पाणचक्कीच्या दरवेशांनी दुसऱ्या भाषेत सांगितले. उर्दूत याला 'यकसूई' म्हणतात, एकाच दिशेला असणे. हात चार कामांत असू शकतात. दिशा एक असली म्हणजे झाले. भाकरी थापत गीतमाला ऐकणाऱ्या आमच्या आजीला ते साधत होते. आम्हाला धडा शिकवताना साधत नाही. आमची कामे तिच्यापेक्षा फार जास्त आहेत असे नाही. तिच्या घागरीला कुणी सारखे धक्के देत नव्हते.

आता औंढ्याकडे येऊ. औंढा नागनाथ म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे स्थान. नामदेवांना गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, असे सांगतात. तिथून जवळच दुधाळा शिवारात लायगो-इंडिया उभी राहते आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती थरथर. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जगाला कळली आणि १७ फेब्रुवारीला केंद्र सरकारने भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरी ६ एप्रिल २०२३ ची, खर्च २,६०० कोटी रुपये, पायाभरणी ११ मे २०२३.

या यंत्राच्या काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो कळला पाहिजे. म्हणून जागा निवडताना रेल्वे, महामार्ग, कारखाने, समुद्राच्या लाटा यांपासून दूर अशी शोधली गेली. ज्या जिल्ह्याला आपण मागास म्हणून हिणवत आलो, तिथे काही नाही हाच त्याचा गुण ठरला. अर्थात २०२४ च्या धक्क्यांनी आमच्या जमिनीने आपले म्हणणे मांडलेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नववीची मुले घेऊन त्या बाजूला गेलो होतो. रस्त्यावरून लांबूनच पाहिले. दिसण्यासारखे फार नव्हते. एका मुलाने विचारले, "सर, या मशीनला औंढ्याची अजान ऐकू जाईल का?" दुसरा म्हणाला, "आणि मंदिराची घंटा?" आम्ही सांगितले, की अमेरिकेतल्या यंत्रांभोवती मायक्रोफोन आणि भूकंपमापक लावलेले असतात. आजूबाजूचा प्रत्येक आवाज, प्रत्येक हादरा आधी नोंदला जातो, म्हणजे आकाशातून आलेले कोणते आणि शेजारचे कोणते हे ताडता येते. हॅनफर्डच्या यंत्रात २०१७ साली एक विचित्र टकटक येऊ लागली. शोध घेतला तर तहानलेले डोमकावळे बाहेरच्या नळीवर साचलेल्या बर्फाला चोच मारत होते. मुले पोट धरून हसली.

मग आम्ही मोबाइल बसच्या चालकाकडे ठेवले, आमचा आधी. मुलांना वहीत पाच मिनिटे फक्त ऐकू येईल ते लिहायला सांगितले, न बोलता. पहिली दोन मिनिटे खुसखुस झाली. नंतर नाही. वह्यांमध्ये टिटवी होती, लांबचा ट्रॅक्टर होता, तुरीच्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या, कुणाच्या तरी पोटातला आवाज होता. एका मुलीने 'जुहर की अजान, बहुत दूर से' असे लिहिले होते. आम्ही घड्याळ पाहिले. वेळ बरोबर होती. आम्हाला स्वतःला ती ऐकू आली नव्हती.